विनाचालक गाडी आणि आमचा फाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एका पोराने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नाही आणि स्टिअरिंग आपोआप फिरतंय. तेव्हापासून मला जो भेटतो तो काहीतरी विचारतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, फाट्यापासून सहा किलोमीटर आत. वडिलांची काळी-पिवळी होती, सवाऱ्या नेणारी कमांडर जीप. कॉलेजच्या सुट्ट्यांत मीही ती चालवली आहे. त्यामुळे गाडीचं काहीही निघालं की लोक मलाच धरतात. पुन्हा पुन्हा तेच सांगण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं.

खरंच हाये का अशी गाडी, का नुस्ते व्हिडिओ?

आहे. गूगलने २००९ मध्ये या कामाला हात घातला आणि त्यातूनच पुढे वेमो ही कंपनी निघाली. ऑक्टोबर २०२० पासून अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या काही भागात तिच्या गाड्या पुढे माणूस न बसवता कोणाही गिऱ्हाइकाला नेऊ लागल्या. नंतर सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस अशी शहरं जोडली गेली.

मात्र गाडी "स्वतः चालते" याचे प्रकार आहेत. इंजिनिअर लोक शून्य ते पाच अशा सहा पातळ्या मानतात. शोरूममध्ये 'अडास' म्हणून जे विकतात, म्हणजे लेन धरून ठेवणं, समोरची गाडी जवळ आली की ब्रेक मारणं, ती साधारण दुसरी पातळी. तिथे नजर आणि हात ड्रायव्हरचेच लागतात. समृद्धी महामार्गावर ते बटण दाबून मोबाइल पाहणारे महाभाग आहेत, त्यांच्या गाडीत बसू नका. वेमो चौथ्या पातळीवर आहे. आखून दिलेल्या हद्दीत, नकाशा आधी बारकाईने तयार केलेल्या रस्त्यांवर ती माणसाशिवाय चालते, हद्दीबाहेर जात नाही. पाचवी पातळी म्हणजे कुठेही, कसल्याही रस्त्यावर, कसल्याही हवेत. ती जगात कुणाकडेच नाही. आपल्या पांदणीने वावरापर्यंत येणारी गाडी ही पाचवी.

भारतात कायद्याने चालेल का?

आज नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा लायसन असलेला माणूस गृहीत धरूनच लिहिलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम २बी आलं, त्यानुसार संशोधनासाठी केंद्र सरकार काही वाहनांना सूट देऊ शकतं. रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातच सांगितलं की ड्रायव्हरांची रोजी जाईल, म्हणून अशा गाड्यांना परवानगी देणार नाही.

आपल्या रोडवर चालन का थे?

या प्रश्नाला थोडा वेळ देतो, कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

गाडी रस्ता पाहते ती कॅमेरे, रडार आणि लायडरने. लायडर म्हणजे लेसरची किरणं सोडून ती परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर मोजायचं यंत्र. दिसलेलं काय आहे हे तिला लाखो चित्रं दाखवून शिकवलेलं असतं. परदेशी चित्रांवर शिकलेल्या गाडीला बैलबंडी ओळखू येणार नाही, म्हणून हैदराबादच्या आयआयआयटी या संस्थेने हैदराबाद-बंगळूर भागातल्या रस्त्यांची १०,००० हून अधिक चित्रं गोळा केली आणि त्यांतल्या एकेका वस्तूला नाव दिलं. त्यात ऑटोरिक्षा वेगळा आहे, जनावर वेगळं आहे. मला सगळ्यात आवडलं ते हे, की रस्ता नाही पण वेळ पडली तर गाडी उतरवता येते अशी कडेची कच्ची जागा हाही त्यांनी वेगळा प्रकार धरला. म्हणजे आपली साइडपट्टी! कोणीतरी तिची दखल घेतली.

आता आमचे सहा किलोमीटर पाहा. माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, म्हणून डांबर दोन वर्षांत कडेने ढासळतं. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांना लागून आलेला चिखल डांबरावर असा बसतो की डांबर कुठे आणि कड कुठे ते माणसालाही कळत नाही. मग पांढरा पट्टा कुठला? तो मुळात मारलेलाच नाही. सुगीत अर्ध्या रस्त्यावर तूर वाळत घातलेली असते आणि गाड्या दुसऱ्या अर्ध्यातून जातात. दिवेलागणीला ढोरं परततात. रात्री रोही, म्हणजे नीलगाय, एका उडीत रस्ता ओलांडतो आणि त्याच्यामागे दुसरा असतोच. जुना ड्रायव्हर पहिला दिसला की ब्रेकवर पाय ठेवून दुसऱ्याची वाट पाहतो. नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, जोराच्या पावसात बुडतो. पाणी घोट्याएवढं की मांडीएवढं, हे पलीकडे उभा असलेला माणूस हात करून सांगतो.

यातलं काहीच यंत्राला कधी जमणार नाही, असं मी म्हणत नाही. भोपाळची स्वायत्त रोबोट्स ही कंपनी अशाच बेशिस्त रस्त्यांवर बोलेरो चालवून पाहते आहे. आयआयटी हैदराबादच्या आवारात 'तिहान' हे चाचणी केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं. पण आमच्या रस्त्यासाठी वेगळा खर्च करून गाडी शिकवायची, तर रोज किती सवाऱ्या मिळतील हे कंपनी आधी पाहील. आमच्या गावच्या सवाऱ्या सगळ्यांना माहीत आहेत. सकाळी वीस-बावीस, बाजाराच्या दिवशी चाळीस, एरवी कोणी नाही.

रेंज नसली तर?

ब्रेक मारायला, वळायला रेंज लागत नाही, तो हिशेब गाडीतलाच संगणक करतो. पण गाडी अडली की ती दूरच्या कचेरीतल्या माणसाला विचारते, आणि ताजा नकाशा, भाडं, बुकिंग हे सगळं नेटवर्कवरच. मेळघाटात सेमाडोहच्या पुढे घाटात गाडी अशी 'विचारायला' थांबली तर जंगलात थांबलेली राहील.

म्हाताऱ्यांना, अपंगांना, डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना तर फायदाच ना?

या गाडीची सगळ्यात खरी आशा हीच आहे. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एक अंध गृहस्थ गूगलच्या गाडीत एकटेच बसून फिरून आले. गाडीला स्टिअरिंगही नव्हतं. ज्याला आयुष्यभर "मला सोडून दे ना रे" म्हणावं लागतं, त्याच्यासाठी हे किती मोठं आहे हे घरात असं माणूस असलेल्यालाच कळेल.

पण प्रवास म्हणजे नुसती गाडी चालणं नव्हे. घरापासून गाडीपर्यंत जायचं, चढायचं, भाडं द्यायचं, उतरून ओपीडीच्या रांगेपर्यंत पोचायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. वडिलांच्या जीपचं पायदान उंच होतं. ते सीटखाली एक लाकडी पाट ठेवायचे. म्हातारी बाई आली की खाली उतरून पाट मांडायचे, एका हाताने दांडा धरायला सांगायचे, दुसऱ्या हाताने कोपर धरायचे. बाई चढली की पाट परत सीटखाली. सेवाग्रामच्या दवाखान्यात डोळ्यांच्या ऑपरेशनला जाणाऱ्या निम्म्या बायका त्या पाटावरून चढल्या असतील. स्वतः चालणाऱ्या गाडीत हा पाट मांडणार कोण? गाडीची रचनाच तशी करता येते. फरशी खाली, दार रुंद, व्हीलचेअरला उतार, बोलून सूचना. पण ते आपोआप होत नाही, मागावं लागतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये वाहतूक सुगम करायची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. आधी एसटीच्या पायऱ्या पाहा आणि मग बोला.

दुसरी बाजूही सांगतो, घरचीच आहे म्हणून लपवत नाही. सीट भरल्याशिवाय आमची गाडी फाट्यावरून हलत नसे. मागे आठ, पुढे चार, वर पायदानावर दोन. कुबड्या घेऊन आलेल्या माणसाला "मागच्या गाडीनं ये बावा" म्हणताना मी ऐकलेलं आहे. एकदा मीच म्हटलं होतं. यंत्राला घाई नसते आणि लाजही वाटत नसते. जागा दिव्यांगांसाठी राखून ठेव असं एकदा शिकवलं की ते राखेल.

एसटीपेक्षा स्वस्त पडेल का?

नाही.

आता जरा हिशेब. परदेशात या गाड्यांचं गणित सोपं आहे. तिथे टॅक्सीच्या भाड्यात मोठा वाटा ड्रायव्हरच्या पगाराचा असतो. पगार गेला की तीन सवाऱ्यांची छोटी गाडीही परवडते, दिवसातून दहा फेऱ्या करता येतात. खेड्यापाड्यांत सेवा वाढेल असं तिकडचे जाणकार म्हणतात ते याच आधारावर. आपल्याकडे गणित उलटं आहे. ड्रायव्हरची रोजी थोडी आणि लायडर, संगणक, देखभाल हे सगळं महाग. माणूस काढून यंत्र बसवल्याने खर्च वाढतो.

शिवाय एसटीत ७५ वर्षांवरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट. आमच्या आईचं जग या अर्ध्या तिकिटाने वाढलं. पूर्वी माहेरी दिवाळीला जायची, आता दर दोन महिन्यांनी जाते. गाडी तीच, रस्ता तोच, ड्रायव्हरही तोच. प्रवास सोपा होणं हे तंत्रापेक्षा तिकिटावर किती अवलंबून असतं याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. अडचण एकच, आमच्या गावात एसटी दिवसातून दोनदाच येते आणि पावसाळ्यात एकदा.

मुलींना, बायांना एकटं बसायला सुरक्षित राहील का?

एकटीसाठी कदाचित जास्त, कारण ड्रायव्हरची भीती नाही. पण सामायिक गाडीत अनोळखी तिघे आणि एक बाई असेल, तर आज निदान ड्रायव्हर गावचा असतो, त्याला कोणाचं नाव कोणत्या घरचं ते ठाऊक असतं. कॅमेरा पाहतो, पण मधे पडत नाही. अकरावीला तालुक्याला जाणाऱ्या पोरींच्या आया मला विचारतात तेव्हा मी म्हणतो, शाळेची एसटी वेळेवर येऊ दे, तेवढं आधी धरून ठेवा.

अपघात झाला तर?

डुलकी, दारू आणि फोन ही माणसाच्या अपघातांमागची मोठी कारणं. यंत्राला तिन्ही नाहीत. हा त्याचा मोठा गुण आहे, तो नाकारू नये. पण त्याच्या चुका वेगळ्या जातीच्या असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईला दुसऱ्या गाडीने उडवलं आणि ती क्रूझ कंपनीच्या विनाचालक गाडीपुढे येऊन पडली. गाडीने ब्रेक मारला, पण मग "बाजूला घ्यायचं" म्हणून ती पुन्हा हलली आणि खाली अडकलेल्या बाईला काही फूट फरफटत नेलं. माणूस किंचाळी ऐकून थांबला असता. कंपनीचा परवाना स्थगित झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिची मालक जनरल मोटर्सने त्या टॅक्सीसेवेचा पैसाच बंद केला.

फाट्याजवळचं वावर आहे. भाव वाढतील म्हणतात. विकू की थांबू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारा बहुतेक वेळा कुणाकडून तरी ईसाराची, म्हणजे आगाऊ बयाण्याची, गोष्ट ऐकून आलेला असतो.

यामागचा विचार समजून घ्या. जमिनीचा भाव तिथे पोचायला किती त्रास पडतो यावर ठरतो. त्रास कमी झाला की लांबची जमीनही "जवळ" येते. माणूस गाडीत झोपू शकला, काम करू शकला, तर तास-दीड तास लांब राहणं त्याला टोचत नाही. अमेरिकेत बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी एक मजेशीर प्रयोग केला. १३ जणांना आठवडाभर फुकट ड्रायव्हर दिला, समजा गाडी स्वतःच चालते आहे म्हणून. त्यांच्या गाड्यांचं धावणं ८३ टक्क्यांनी वाढलं. लांबच्या आणि संध्याकाळनंतरच्या फेऱ्या वाढल्या, आणि काही फेऱ्यांत तर गाडी रिकामीच कामाला धाडली गेली. याचा अर्थ शहर पसरतं. नागपूर वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत कसं सरकलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. बोर्ड आधी लागतो, ले-आऊटचे दगड मग पडतात आणि घर दहा वर्षांनी येतं.

पण विदर्भाला हा अनुभव नवा नाही. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि कापसाची पेठ फुगली. धामणगावच्या नावापुढे 'रेल्वे' लागलं ते आजही आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला ही रेल्वेगाडी धावायची तेव्हा दारव्हा मोतीबागेसारखी स्टेशनं म्हणजे गजबज. गाडी बंद पडली, रुळांत बाभळी उगवल्या, स्टेशनाजवळच्या जमिनीला शेताचाच भाव राहिला. त्याच मार्गावरच्या कारंजाला आता समृद्धीचा इंटरचेंज आहे आणि तिथल्या भावाची चर्चा पुन्हा सुरू झाली.

समृद्धीकडून शिकायचं ते हेच. ७०१ किलोमीटरचा रस्ता, नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, पूर्ण रस्ता ५ जून २०२५ ला. पण वर चढायला मिळतं ते इंटरचेंजवरच. ज्यांच्या वावराला लागून तो गेला त्यांतल्या कित्येकांना रोज दिसतं ते कुंपण आणि खालचा बोगदा. पूर्वी धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, पाच मिनिटांत जायचे तिथे आता वळसा आहे. वाटेवर नवनगरं उभी राहतील अशी घोषणा होती, जमीन एकत्र करून मालकांना विकसित प्लॉट द्यायची योजना होती. पुढे जमीन मुख्यतः थेट खरेदीनेच घेतली गेली. स्वतः चालणाऱ्या गाड्या आल्या तर त्या आधी अशाच कुंपणाच्या रस्त्यांवर येतील. म्हणजे भाव चढेल तो उतरण्याच्या जागी, अधल्यामधल्या फाट्यावर नाही. आणि उतरण्याची जागा कुठली हे तुमच्या आधी कुणाला तरी कळलेलं असेल.

म्हणून माझं म्हणणं : पोरीचं लग्न, कर्ज, विहीर यासाठी विकायची पाळी आली तर विका, तो तुमचा निर्णय. "गाडी येणार आहे" म्हणून विकू नका आणि "गाडी येणार आहे" म्हणून चढ्या भावाने घेऊही नका. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ लिहिलं असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. आदिवासी मालकाची जमीन बिगर-आदिवासीला सहज जात नाही, जो दलाल "ते होऊन जाईल" म्हणतो त्याला चहा पाजून वाटेला लावा. मंजुरी नसलेल्या ले-आऊटमधला प्लॉट म्हणजे कागदावरचं वावर.

मग गावं भरतील की ओस पडतील?

दोन्ही होऊ शकतं, पण मला एक गोष्ट दिसते ती सांगतो. आमच्याकडे 'अप-डाउन' हा शब्द पोरंही जाणतात. मास्तर यवतमाळहून अप-डाउन, ग्रामसेवक वर्ध्याहून अप-डाउन. मुख्यालयी राहायचा नियम कागदावर. वीस वर्षांपूर्वी मास्तर गावात खोली करून राहायचे, संध्याकाळी ओट्यावर पोरांची गणितं घ्यायचे. मोटारसायकल आली, ते तालुक्याला गेले. कार आली, जिल्ह्याला गेले. गाडीत झोपून येता आलं तर नागपूरहून येतील. गावाला रस्ता सुधारल्याचा आनंद आणि संध्याकाळी गावात शिकलेलं एकही माणूस नाही, हे दोन्ही एकाच वेळी घडलेलं मी पाहिलंय.

इटलीचे शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस रोजच्या जाण्यायेण्याला साधारण एक तासच देतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, अंतर वाढतं. आमच्या मास्तरांनी मार्केटींचं नाव ऐकलेलं नाही.

पार्किंगच्या जागा मोकळ्या होतील म्हणतात?

मुंबई-पुण्यात होतील. आमच्याकडे पार्किंग म्हणजे कडुनिंबाची सावली. ती मोकळी झाली तर बकऱ्या बसतील.

काळी-पिवळीवाल्यांचं काय होईल?

त्यांना आजच जास्त धोका आहे, आणि तो यंत्राचा नाही. कर्जाच्या मोटारसायकली घरोघरी आल्या, सवाऱ्या तुटल्या, परमिट-विमा वाढला. वडिलांनी त्याच पायी गाडी मोडीत काढली. ज्यांच्याकडे मोटारसायकल नाही, म्हणजे म्हातारे, बाया, शाळेची पोरं, त्यांच्यापुरताच हा धंदा उरला, आणि तेवढ्यावर तो भागत नाही. खेड्यांतल्या प्रवासाचं दुखणं इथे आहे.

आपल्याकडे आधी कुठे दिसेल?

माझा अंदाज खाणींत. चिली देशात कोडेल्को कंपनीच्या तांब्याच्या खाणीत २००८ पासून मोठे डंपर माणसाशिवाय चालतात. वणी, चंद्रपूर, उमरेडच्या उघड्या कोळसा खाणींत रस्ता कंपनीचा, कुंपण कंपनीचं, मधे बकरी नाही. मग शेतात. उपग्रहाच्या खुणेवर सरळ तास, म्हणजे नांगराची ओळ, काढणारे ट्रॅक्टर आहेतच, चूक दोन-तीन सेंटिमीटरची. वावरात समोरून कोणी येत नाही, म्हणून ते सोपं. त्यानंतर समृद्धीवरचे ट्रक. आमचे सहा किलोमीटर सगळ्यात शेवटी.

तोवर ग्रामसभेत काय मागायचं?

साइडपट्टी भरून घ्या आणि कडेला पांढरा पट्टा मारून घ्या. तो आजच्या ड्रायव्हरलाही लागतो. रपट्यावर पाण्याची उंची दाखवणारा खांब. फाट्यावर निवारा आणि दिवा. एसटीची वेळ कॉलेज आणि ओपीडीशी जुळवायचा ठराव करून आगारात द्या, पोच घ्या. पंधराव्या दिवशी पुन्हा जा.

गाडी बोलावायला मोठा फोन लागेल का?

आजच्या बहुतेक सेवांना लागतो, ॲपशिवाय दार उघडत नाही. आमच्या आईकडे बटणांचा फोन आहे आणि तिला तोच हवा आहे. फाट्यावरचा किराणावाला सध्या तिच्यासाठी ऑटो बोलावतो. ती दुकानात जाते, "कोणी हाये का रे जाणारं?" विचारते, तो दोन फोन करतो आणि तेवढ्यात ती साखर घेते.